'निओकोरोस'ला मराठीत काय म्हणावे?

इफिस या आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या प्राचीन शहराच्या रोमनकालीन कांस्यनाण्यांवर 'इफेसिओन दिस निओकोरोन' असा ग्रीक मजकूर दिसतो. त्यातल्या 'निओकोरोस'साठी 'पुजारी' चालेल का, असा प्रश्न आहे.

'पुजारी' नको. रूढ व्युत्पत्तीप्रमाणे निओस म्हणजे देऊळ आणि कोरेओ म्हणजे झाडणे. निओकोरोस म्हणजे देऊळ झाडणारा. आपल्याकडचा 'सेवेकरी' या मूळ अर्थाच्या अगदी जवळचा. देवापुढे झाडू मारण्यात कमीपणा नसतो. पुरीच्या रथयात्रेत गजपती राजा सोन्याच्या मुठीच्या झाडूने रथ झाडतो.

पण नाण्यावर हा शब्द माणसासाठी नाही, अख्ख्या शहरासाठी आहे. रोमन सम्राटाच्या पूजेचे प्रांतिक देऊळ ज्या शहरात, ते शहर निओकोरोस. 'दिस' म्हणजे दोनदा, अशी दोन देवळे. शहराने मनात आणले म्हणून हा किताब मिळत नसे; त्याला सम्राटाची आणि सिनेटची, म्हणजे रोमच्या ज्येष्ठांच्या सभेची, मान्यता लागे. इ. स. 26 मध्ये सम्राट तिबेरियसच्या देवळासाठी 'आशिया' या रोमन प्रांतातल्या 11 शहरांचे दूत सिनेटपुढे भांडले आणि स्मर्ना शहराची सरशी झाली. पुढे इफिस, पर्गामम आणि स्मर्ना यांची या किताबांवरून कायमची चुरस राहिली. सम्राट एलागाबालसने इफिसला चौथ्यांदा हा मान दिला. 222 मध्ये त्याचा खून झाला आणि इफिसच्या नाण्यांवरचा आकडा पुन्हा तीनवर आला! रोममधली उलथापालथ इफिसच्या बाजारात हातोहाती फिरणाऱ्या नाण्यावर अशी उमटत असे. मला तरी या शब्दाची खरी गोडी इथेच वाटते.

ही सगळी छटा 'सेवेकरी'त येत नाही, 'मानकरी'त येते. जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून होणारी ओढाताण ज्याने पाहिली आहे, त्याला इफिस-स्मर्नाचे भांडण समजावून सांगावे लागणार नाही. अशाच नाण्यांवर काही शहरे स्वतःला 'प्रोते', म्हणजे प्रांतातले 'पहिले' म्हणवतात. त्यासाठी पुण्याच्या गणपतींमुळे आपल्या कानात बसलेले 'मानाचे पहिले' हेच शब्द घ्यावेत.

म्हणून वरच्या ओळीचे भाषांतर मी 'दोनदा मानकरी झालेल्या इफिसकरांचे' असे करीन, आणि पहिल्या वापराला 'सेवेकरी' हा मूळ अर्थ तळटीपेत देईन. शेवटचे 'चे' मात्र गाळू नका. ग्रीकमध्ये दोन्ही नामे षष्ठीच्या अनेकवचनात आहेत; 'नाणे' हा शब्द अध्याहृत आहे.