वाचकांचे प्रश्न : डॅशहंडची पाठ कशी जपावी?

प्रश्न : आमचा डॅशहंड कुत्रा पाच वर्षांचा असून त्याचे वजन साडेअकरा किलो आहे. कोथरूडमध्ये लिफ्ट नसलेल्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या महिन्यात सोफ्यावरून उडी मारल्यानंतर तो एक-दोन दिवस पाठ वाकवून बसला होता, नंतर आपोआप बरा झाला. सासूबाई कॅल्शियम आणि तिळाच्या तेलाचे मालिश सुचवतात, तर यजमानांच्या मते त्याचे फिरणेच बंद करावे. काय योग्य?

उत्तर : तो ‘आपोआप बरा झाला’ यावर विसंबू नका, पशुवैद्याकडून त्याची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. या जातीचे पाय ज्या जनुकीय बदलांमुळे आखूड राहतात, त्यांतीलच एक बदल मणक्यांमधील गाद्यांवरही परिणाम करतो. पिल्लू वर्षाचे होईपर्यंतच गादीतील मऊ गर आटू लागतो आणि तिच्यात चुना साठतो. अशी कडक झालेली गादी पुढे एखाद्या किरकोळ उडीनेही फुटते आणि तिचा गर मज्जारज्जूवर दाबला जातो. बहुतेक वेळा हे छाती आणि कंबर जिथे जुळतात त्या भागात, वयाच्या तिसऱ्या ते सातव्या वर्षांदरम्यान घडते.

गादीत साठणारा हा चुना आहारातून येत नाही आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी गादी मऊही होत नाही, म्हणून त्या देऊ नयेत. दुखऱ्या पाठीवर मालिश तर मुळीच नको. माणसांसाठीची वेदनाशामक गोळी घरच्या घरी देणे त्याहून घातक आहे.

आपल्या हातात सर्वांत जास्त आहे ते वजन. तराजूवरील आकड्यापेक्षा बोटांवर भरवसा ठेवावा : बरगड्या हलक्या स्पर्शाने मोजता यायला हव्यात आणि वरून पाहताना कंबर आत गेलेली दिसायला हवी. तसे नसेल, तर सकाळची तूप-पोळी आणि चहाबरोबरची बिस्किटे थांबवावीत. (घरात लाडाने घास भरवणारे एकच माणूस असते असे समजू नये, यजमानांनाही विचारून पाहावे.) फिरणे मात्र बंद करू नये. तपासणीत पाठ ठीक आढळल्यास रोजचे सपाट रस्त्यावरचे फिरणे पाठीचे स्नायू बळकट ठेवते आणि वजनही आटोक्यात राहते.

जिन्याबद्दल तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. माझ्या मते सोफ्यावरून गुळगुळीत टाइल्सवर मारलेली उडी दोन-चार पायऱ्यांपेक्षा जास्त धोक्याची आहे. तरीही तीन मजले, निदान उतरताना, त्याला उचलून न्यावे. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली धरून पाठ आडवी ठेवावी. पुढच्या पायांखाली बगलेत धरून लोंबकळवू नये. सोफ्याला उताराची फळी लावावी आणि त्याच्या नेहमीच्या वाटेवर न सरकणारी सतरंजी अंथरावी. पुण्यात सर्रास दिसणारा, स्कूटरवर पुढ्यात कुत्रा उभा करून गतिरोधकांवरून नेण्याचा प्रकार या जातीसाठी तरी सोडून द्यावा.

पाठ पुन्हा कमानीसारखी झाली, पोट ताठ लागले किंवा उचलताना तो केकाटला, तर पशुवैद्याचे औषध आणि निदान चार आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, असाच उपचार बहुधा असतो. औषधाने वेदना थांबली की कुत्रा उड्या मारू पाहतो आणि घरच्यांना त्याची दया येऊन पिंजरा उघडला जातो. आजार उलटतो तो बहुतेकदा तेव्हाच. मागचे पाय लडखडू लागले, पंजा उलटा पडू लागला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नये. पाय लुळे पडूनही बोटे जोरात दाबल्याची जाणीव शिल्लक असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दहांपैकी सुमारे नऊ कुत्री पुन्हा चालतात. ती जाणीव गेली, की हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते.

प्रश्न : आमच्या बीगलचे पाय फारसे आखूड नाहीत. त्यालाही हा धोका आहे का? (औंध)

उत्तर : आहे. बीगल, पेकिनीज, शिह त्झू आणि फ्रेंच बुलडॉग या जातींमध्येही गाद्या लवकर कडक होतात. बीगलमध्ये हा त्रास मानेच्या गाद्यांनाही बऱ्याचदा होतो. तेव्हा पाय ठीक चालतात, पण कुत्रा मान खाली धरून बसतो आणि जमिनीवरच्या भांड्यातून खायला नाखूष असतो. वास लागला की बीगल पट्ट्याला हिसके देतोच, म्हणून गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस वापरावा.