नव्या डिफरन्शियलचा आवाज चालवून ‘बसत’ नाही

निपाणीच्या एका सदस्यांनी इथे लिहिलेली तक्रार, जिला हे उत्तर आहे, ती अशी: 1969 ची एमजीबी जीटी ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, आंबोलीच्या वळणांवर पावसात आतल्या बाजूचे मागचे चाक जागीच फिरते म्हणून इंग्लंडहून गिअरवाले लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा, एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देणारा भाग) मागवून बसवून घेतले, आणि तेव्हापासून 60 ते 80 च्या वेगात ॲक्सिलरेटर दाबला की मागून बारीक, सलग शिट्टी ऐकू येते. मेस्त्रींचे म्हणणे, माल नवा आहे, हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये बसेल. हे शेवटचे वाक्य वाचले आणि राहवले नाही, कारण याच जातीच्या गाडीबद्दल, याच शिट्टीबद्दल, जवळजवळ याच शब्दांत मलाही हेच सांगण्यात आले होते.

आधी खुलासा करतो की मी अभियंता नाही आणि हा माझा व्यवसायही नाही. प्लेटवाले, म्हणजे घर्षणाच्या प्लेटांवर चालणारे डिफरन्शियल मी कधी बसवून घेतलेले नाही. खाली जे लिहितो आहे ते गिअरवाल्या प्रकाराबद्दल आणि मागे झाकण असलेल्या, म्हणजे सॅलिसबरी पद्धतीच्या एक्सलबद्दल आहे. जीटीला हा एक्सल 1965 पासूनच होता, उघड्या टपाच्या एमजीबीला तो 1967 मध्ये आला. त्याआधीची, वेगळ्या बांधणीच्या बँजो एक्सलची गाडी कोणाकडे असेल, तर त्यांनी यातले काहीही आपल्या गाडीला जसेच्या तसे लावू नये.

क्राऊन आणि पिनियन, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे वळवणारे मोठे आणि लहान दातेरी चाक, यांचा आवाज चालवून जात नाही. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार झालेली असते, आणि तुमच्या बाबतीत तर ती जोडी जुनीच आहे. नवे आहे ते फक्त मधले डिफरन्शियल. जी जोडी काल मुकाट चालत होती ती आज शिट्टी घालते, याचा अर्थ तिची जागा बदलली आहे, एवढाच होतो. खात्री करायची असेल तर तवंदी घाट तुमच्या दाराशीच आहे. चढताना, म्हणजे इंजिनावर भार असताना आवाज येतो आणि उतरताना पाय काढल्यावर तो जातो किंवा त्याचा सूर बदलतो, असे असेल तर दोष दातांच्या भेटीत आहे. पाय दाबा किंवा काढा, आवाज तसाच राहत असेल तर आधी चाकांचे बेअरिंग आणि टायर बघावेत. फक्त वळतानाच आवाज येत असेल तर तो तिसराच प्रश्न आहे.

आता मुख्य मुद्दा, ज्याची किंमत मी मोजली आहे. माझे काम एका चांगल्या नावाच्या गॅरेजने केले; ते नाव आणि गाव मी सांगणार नाही, विचारूही नये. या एक्सलमध्ये डिफरन्शियल दोन बेअरिंगांवर बसते आणि दोन्ही बाजूंना ठरावीक जाडीचे स्पेसर, म्हणजे पोलादी कड्या, असतात. या स्पेसरची दोन वेगवेगळी कामे आहेत. दोन्ही बाजूंची मिळून जी एकूण जाडी होते तिच्यावर बेअरिंगांवरचा दाब ठरतो, आणि ती जाडी डावीकडे किती व उजवीकडे किती वाटली आहे यावर क्राऊन पिनियनच्या किती जवळ बसतो, म्हणजेच दातांमधला प्ले (मोकळीक), ठरतो. नव्या डिफरन्शियलवर क्राऊन जिथे टेकतो ती कडा जुन्याच्या कडेशी शंभराव्या मिलिमीटरपर्यंत जुळेल, अशी अपेक्षा कोणीच करू नये. त्यामुळे जुने स्पेसर जसेच्या तसे परत घालून हे काम होत नाही, आणि त्या गॅरेजने नेमके तेच केले. हा प्ले मोजायचा डायल गेज त्यांच्याकडे होता, भिंतीवर टांगलेला. माझ्या एक्सलला तो लागलेला नाही, हे मला पुढे दुसऱ्या मेस्त्रींनी एक्सल उघडल्यावर कळले.

ते कसे कळले, हे सांगतो, कारण तुम्हालाही तसेच तपासता येईल. बेअरिंगच्या कॅप काढल्यावर डिफरन्शियल जागेवर घट्ट आवळलेले असायला हवे. ते बाहेर काढायला एक्सलची केस स्प्रेडर नावाच्या हत्याराने किंचित ताणावी लागते, तीही गरजेपेक्षा तसूभर जास्त नाही. माझे डिफरन्शियल कॅप निघताच दोन हातांत आले. स्प्रेडर पेटीतून काढण्याची वेळच आली नाही. बेअरिंगवर दाब शून्य, म्हणून प्रत्येक चढावर भार आला की क्राऊन पिनियनपासून दूर ढकलला जात होता आणि दात फक्त बाहेरच्या टोकाला भिडत होते. त्या टोकांवर बारीक खड्डे पडले होते. तेल पांढऱ्या फडक्यातून गाळले तर फडक्यावर राखाडी चमक उरली. दोन्ही कॅपही आपापसांत बदलून बसवल्या होत्या, खुणा समोर दिसत असताना. ‘चालवा, बसेल’ हा सल्ला ऐकून मी गाडी चालवत राहिलो त्या काळात एक निरोगी जोडी निकामी झाली, आणि अशी जोडी सुटी मिळत नाही, दोन्ही एकत्रच घ्यावी लागतात. गॅरेजने वर असेही सांगितले की लिमिटेड स्लिपचा आवाज असाच असतो. गिअरवाल्या डिफरन्शियलचा सरळ रस्त्यावर कसलाही आवाज नसतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की गाडी आता लांब नेऊ नये आणि एक्सल उघडून घ्यावा. पिनियनला हात लावू देऊ नका. ते पूर्वी बरोबर होते, ते कोणी हलवलेले नसेल तर त्याची खोली, म्हणजे ते किती आत बसले आहे ते, अजूनही बरोबर आहे, आणि मेस्त्री ‘आता उघडलेच आहे तर’ म्हणून पिनियन सैल करू लागले तर काम दुप्पट होते. प्ले किती हवा तो आकडा मॅन्युअलमध्ये आहे, अनेक जोड्यांवर तो क्राऊनवरही कोरलेला असतो, आणि कोरलेला आकडा असेल तर तोच मानावा. प्ले एकाच जागी मोजून चालत नाही. क्राऊन थोडा थोडा फिरवत चार-सहा जागी मोजावा. आकडे जागोजागी फार बदलत असतील तर क्राऊन वाकडा बसला आहे, बहुधा कडेखाली एखादा बर (धातूचा बारीक काटा) किंवा कचरा राहिला आहे. मग दातांना मार्किंग ब्लू (ठसा उमटवणारा निळा रंग) लावून, चाकांना हाताने रोध देऊन फिरवून ठसा बघावा. ठसा दाताच्या बाहेरच्या टोकाकडे सरकला असेल तर क्राऊन पिनियनकडे आणायचा, म्हणजे एका बाजूचा स्पेसर जितका पातळ कराल तितकाच दुसऱ्या बाजूचा जाड करायचा, एकूण बेरीज न बदलता. ठशाचा फोटो मागा. जे गॅरेज ठशाचा फोटो आणि प्लेचे आकडे द्यायला कुरकुर करते, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

योग्य जाडीचे स्पेसर इंग्लंडहून मागवत बसण्याची गरज नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सरफेस ग्राइंडिंगची कामे करणारे भरपूर आहेत. क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकचे भाग रोज करणाऱ्यांना दोन बाजू समांतर ठेवून कड्या घासून देणे अवघड नाही. पोलाद कोणते आणि कठीण किती, हे मात्र आधी विचारून घ्यावे आणि एक जुना स्पेसर नमुन्याला न्यावा.

तेलाबद्दल तुम्ही विचारले आहे. 80 डब्ल्यू 90, जीएल-5 दर्जाचे गिअर ऑइल, बस. मेस्त्री जी बाटली आणायला सांगत आहेत ते घर्षण कमी करणारे मिश्रण असते आणि ते प्लेटवाल्या डिफरन्शियलसाठी असते. गिअरवाले डिफरन्शियल मुळात आतल्या घर्षणावरच काम करते, तिथे ते घालून तुम्ही पैसे मोजून त्याची ताकद कमी कराल.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. तुमच्या लेखात मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) बसवल्याचा उल्लेख आहे. हा बार वळणात आतले चाक वर उचलतो, आणि गिअरवाले डिफरन्शियल पकड असलेल्या चाकाला जो जोर देते तो पकड नसलेल्या चाकाच्या जोराच्या काही पट असतो. उचललेल्या चाकाचा जोर जवळजवळ शून्य, आणि शून्याच्या कितीही पट शून्यच. सुमारे 95 अश्वशक्तीच्या गाडीत आंबोलीच्या वळणावर चाक फिरत होते ते कदाचित त्या बारमुळेच, आणि तो काढून बघितला असता तर हा सगळा खर्च टळला असता, असे मला वाटते. अर्थात गाडी मी पाहिलेली नाही. तरी एक्सल पुन्हा जुळला की एकदा बार काढून घाटात जाऊन या.

जॅकवर तपासताना मागची दोन्ही चाके जमिनीवरून सुटलेली असावीत. पूर्वीच्या साध्या डिफरन्शियलला एक चाक उचलून गिअर टाकला तरी गाडी जागेवर राहत असे. आता आतल्या घर्षणामुळे जमिनीवरच्या चाकालाही थोडा जोर मिळून ती जॅकवरून उडी मारू शकते, आणि जुन्या सवयीचे मेस्त्री इथेच फसतात.

चिक्कोडी पासिंगची गाडी विंटेज नोंदणीला घालायची आहे, त्याला अडचण येईल का, असेही तुम्ही विचारले आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांत गाडी 50 वर्षांहून जुनी असावी आणि चासी, बॉडी शेल व इंजिन यांत मोठा बदल नसावा, असे म्हटले आहे; त्यात डिफरन्शियलचे नाव नाही. तरी समोरचा अधिकारी ‘मूळ स्वरूप’ या शब्दांचा अर्थ कसा लावेल, याची हमी मी देणार नाही, म्हणून जुने डिफरन्शियल ग्रीस लावून, त्याच्या जुन्या स्पेसरांसकट, डावा-उजवा लिहून ठेवून द्या. आणि क्राऊन-पिनियनची जोडी मागवायची वेळ आलीच तर स्वस्त दिसते म्हणून वापरलेली मागवू नका. वापरलेल्या सुट्या भागांच्या आयातीला परवाना लागू शकतो, आणि तो नसेल तर तुमची पेटी कस्टममध्येच अडकून पडू शकते.

एक्सल उघडाल तेव्हा कॅप काढल्यावर डिफरन्शियल हाताने निघते की स्प्रेडर लागतो, एवढे इथे नक्की लिहा. बाकीचे काय करायचे ते त्यावरून सांगता येईल.