पांढऱ्या गाडीची चमक नेमकी कशात असते?

प्रश्न : माझी पांढरी हॅचबॅक चार वर्षांची आहे. नोकरीनिमित्त रेल्वेने ये-जा करत असल्याने ती दिवसभर मिरज स्थानकाजवळ उभी असते. दर दिवाळीला रबिंग-पॉलिश करून घेतो आणि वॅक्सही लावतो. तरीही शेजाऱ्यांच्या काळ्या गाडीत आरशासारखे प्रतिबिंब दिसते, तसे माझ्या गाडीत दिसत नाही. शिवाय दरवाज्यांवर आणि डिकीवर बारीक नारिंगी ठिपके पडले आहेत. आता सिरॅमिक कोटिंग करून घ्यावे, असे वॉशिंग सेंटरवाले सुचवतात. करावे का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपली गाडी शेजाऱ्यांच्या गाडीपेक्षा कमी चमकते असे नाही, ती चमक दिसत नाही, एवढाच फरक आहे. दोन्ही गाड्यांवर बहुधा रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा, म्हणजे क्लिअर कोटचा थर असतो आणि समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 4 टक्के प्रकाश त्या थरावरून आरशासारखा परत फिरतो. उरलेला प्रकाश काळा रंग गिळून टाकतो, त्यामुळे ते 4 टक्केच डोळ्यांत भरतात. पांढरा रंग मात्र आत गेलेला बहुतेक प्रकाश चहूबाजूंना उधळून परत पाठवतो आणि त्या उजेडात प्रतिबिंब बुडून जाते. रात्री खोलीत दिवा लावला की खिडकीच्या काचेत आपला चेहरा स्पष्ट दिसतो आणि दिवसा त्याच काचेत तो दिसत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून पांढऱ्या गाडीकडून काळ्या गाडीसारख्या प्रतिबिंबाची अपेक्षा ठेवून पॉलिशवर खर्च वाढवत नेणे मला पटत नाही. पांढऱ्या रंगाची शोभा त्याच्या स्वच्छ, किंचितही पिवळट न दिसणाऱ्या शुभ्रतेत आणि गुळगुळीतपणात असते, आणि ती पॉलिशच्या आधीच्या सफाईतून येते.

आपल्या नारिंगी ठिपक्यांपासूनच सुरुवात करावी. रेल्वेगाडीचे ब्रेक लागताना चाके आणि ब्रेकचे ठोकळे यांच्या घर्षणातून, तसेच रुळांच्या झिजेतून लोखंडाचे अतिसूक्ष्म कण उडतात, ते क्लिअर कोटमध्ये रुततात आणि दमट हवेत गंजतात. स्थानकाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीवर हे होणारच. गडद रंगावर ते लपते, पांढऱ्यावर उघडे पडते. हे ठिपके नखाने खरवडू नयेत आणि रबिंगच्या खरखरीत कंपाउंडने घासूही नयेत, कारण कण सुटून फिरू लागला की तोच ओरखडे पाडतो. यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा द्राव मिळतो. त्यातील थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावून जांभळे होते, त्यामुळे पांढऱ्या पत्र्यावरून जांभळे ओघळ वाहताना दिसतात आणि कुठे किती कण होते, हे आपोआप कळते. वास मात्र नाक मुठीत धरायला लावणारा असतो. गाडी आधी शॅम्पूने धुऊन, पत्रा थंड असताना, सावलीत हा द्राव फवारावा, बाटलीवर दिलेल्या वेळेपुरताच ठेवावा आणि वाळू न देता भरपूर पाण्याने धुऊन टाकावा.

त्यानंतर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून अलगद हात फिरवून पाहावा. डोळ्यांना स्वच्छ वाटणारा पत्राही पिशवीतून पॉलिश पेपरसारखा खरबरीत लागतो; हीच ती राळ, डांबराचा अंश आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून येऊन बसलेली काजळी. ती क्ले बारने, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या मऊ वडीने, निघते. पत्र्यावर क्लेचे वंगण किंवा शॅम्पूचे पाणी सतत ओले ठेवून, अजिबात जोर न देता, क्ले सरळ रेषेत फिरवावी आणि मळलेला भाग आत घडी घालून नवा भाग वर घ्यावा. क्ले जमिनीवर पडली, तर ती सरळ फेकून द्यावी. तिथे काटकसर करू नये. एवढे झाल्यावर गाडी एक छटा उजळल्याचे बहुतेकांच्या लक्षात येते आणि पुष्कळदा पुढच्या कामाची गरजच उरत नाही.

दर दिवाळीच्या रबिंगबद्दल मात्र स्पष्ट सांगणे भाग आहे : ते थांबवावे. क्लिअर कोट साधारण 40 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. प्रत्येक रबिंगमध्ये त्यातला काही भाग कायमचा जातो आणि उन्हापासून रंगाचे रक्षण करणारा थर तोच असतो. पॉलिश करायचेच असेल, तर ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड गोल फिरवतानाच हेलकावे देणारे), मऊ फोमचे पॅड आणि बारीक पॉलिश वापरून आधी बॉनेटच्या कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहावे. पांढऱ्या रंगावर ओरखडे दिवसा दिसत नाहीत, म्हणून संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून त्याच्या झोताभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात का ते पाहावे. पाहण्यापूर्वी ती जागा पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, कारण पॉलिशमधील तेल ओरखडे तात्पुरते बुजवते आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत ते पुन्हा वर येतात. पॅडवर पांढरा रंग उतरू लागला, तर आपल्या गाडीला क्लिअर कोट नसून एकच थर आहे असे समजावे आणि हात आणखी हलका ठेवावा.

वॅक्सपैकी कार्नोबा, म्हणजे ताडवर्गीय झाडाच्या पानांचे मेण, गडद रंगाला खोली देते. पांढऱ्यावर तो गुण फारसा दिसत नाही, म्हणून सिंथेटिक सीलंट, म्हणजे कृत्रिम संरक्षक लेप, मला अधिक योग्य वाटते. सिरॅमिक कोटिंगने पाणी घसरून जाईल, धूळ कमी चिकटेल आणि धुणे सोपे होईल, पण शुभ्रता वाढणार नाही. शिवाय आयर्न रिमूव्हर आणि क्ले न वापरता ते लावले, तर ते नारिंगी ठिपके कोटिंगखाली वर्षानुवर्षे जपून ठेवल्यासारखे होईल. सेंटरवाल्यांना आधी काय-काय करणार, हे विचारावे आणि उत्तर गुळमुळीत आले तर दुसरीकडे जावे. एक साधी युक्तीही आहे : टायर, काळे प्लास्टिक आणि काचा नीट केल्या, की शेजारच्या काळ्या रंगामुळे पांढरा आपोआप खुलून दिसतो.

प्रश्न : माझ्या चंदेरी गाडीवर महामार्गावरच्या डांबराचे ठिपके पडतात आणि कासला जाऊन आले की लाल चिखल बसतो. ठिपके रॉकेलने काढावेत का? रोज सकाळी गाडी पुसूनही ती निस्तेज का दिसते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : रॉकेलने डांबर विरघळते, पण मागे तेलकट थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि दरवाज्यांचे रबरही फुगते. टार रिमूव्हर कापडावर घेऊन ठिपक्यावर मिनिटभर टेकवून ठेवावा, नंतर उचलावा आणि ती जागा शॅम्पूने धुवावी. निस्तेजपणाचे कारण रोजच्या पुसण्यातच असावे. एकाच बादलीत बुचकळलेल्या फडक्याने अंगावरची धूळ पुसणे म्हणजे बारीक वाळूने गाडी घासणे होय, आणि चंदेरी रंगातील ॲल्युमिनियमच्या चकत्यांची झळाळी वरचा थर ओरखडल्यावर आधी मंदावते. रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुवावी. लाल चिखल आधी पाण्याच्या धारेने पूर्ण सुटू द्यावा आणि मग दोन बादल्या घ्याव्यात : एक शॅम्पूची, दुसरी हातमोजा खळबळून घेण्याची.

प्रश्न : द्राक्षबागेतल्या फवारणीचे निळसर डाग आणि खंडेनवमीच्या पूजेतले हळदीकुंकवाचे डाग पांढऱ्या बॉनेटवरून कसे काढावेत?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे डाग, तसेच बोअरच्या पाण्याचे क्षार, हे दोन्ही सौम्य आम्लात सुटतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून कापडाने मिनिटभर लावावे आणि लगेच धुवावे; फरशीचे ॲसिड मात्र जवळही आणू नये. हळद कोरडी असतानाच पाण्याच्या धारेने वाहून जाऊ द्यावी. अल्कधर्मी साबण लागला तर ती लाल होते, म्हणून पीएच न्यूट्रल शॅम्पूच वापरावा. उरलेली पिवळी छटा उन्हात काही दिवसांत उडते. कुंकवाला मात्र तेवढी सवलत देऊ नये, कारण बाजारातील पुष्कळशा कुंकवात कृत्रिम रंग असतो. पूजा झाल्यावर ते त्याच संध्याकाळी धुवावे. पुढच्या वर्षी बॉनेटवर स्वस्तिक काढण्याऐवजी नंबर प्लेटच्या वर बोट टेकवले, तर पूजाही होईल आणि डागही पडणार नाही.