आधी रुग्णाला विचारावे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा असून ३ वर्षांपासून त्याला स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या खेपेला दवाखान्यात सिस्टरने भर गर्दीत 'तो पागल पेशंट कुठे गेला?' अशी हाक मारली. रांगेत आमच्याच गावची दोन माणसे उभी होती. महिना होत आला, तो गोळ्या घेत नाही आणि दवाखान्याचे नावही काढू देत नाही. परदेशात मनोविकारांसाठी खास नर्स प्रॅक्टिशनर असतात, असे वाचले. त्या वेगळ्या वागतात का? आम्ही काय करावे?
— एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, तुमच्या भावाला आलेला राग हे आजाराचे लक्षण नाही. चारचौघांत असे बोलल्यावर कोणालाही राग येईल, आणि हे घरच्या कोणीतरी त्याला स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

अमेरिकेत या क्षेत्रातील नर्स प्रॅक्टिशनर ही परिचर्येचे उच्च शिक्षण घेतलेली परिचारिका असते. ती निदान करते आणि औषधही लिहून देते. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयात औषध डॉक्टर ठरवतात, पण रुग्णाशी पहिले आणि शेवटचे बोलणे बहुधा सिस्टरचेच होते, त्यामुळे तो पुढच्या महिन्यात येणार की नाही हे पुष्कळदा तिच्या तोंडच्या दोन वाक्यांवर ठरते.

मी स्वतः परिचारिका म्हणून नवी असताना एका बाईंच्या झोपेची, जेवणाची सगळी चौकशी त्यांच्या नवऱ्याकडे करीत होते. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "बाई, मले इचारा ना, मी इथंच बसली आहो." त्या दिवसापासून मी खुर्ची आधी रुग्णाकडे वळवते, नाव घेऊन बोलते आणि नातेवाइकांना नंतर विचारते. असे विचारले म्हणजे गोळ्या बंद होण्याची खरी कारणेही कळतात. कापूस वेचताना हात थरथरतात, चहाची कपबशी धरवत नाही, दिवसा वावरात गुंगी येते, लैंगिक इच्छा कमी होते. यातील शेवटचे कारण तर कोणताही तरुण भावासमोर किंवा आईसमोर सांगणार नाही. डॉक्टरांना यातले काही कळले, तर मात्रा किंवा गोळी बदलता येते. तुमच्या भावाने केवळ अपमानामुळेच गोळ्या सोडल्या, असेही आत्ताच गृहीत धरू नका.

कायदाही त्याच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार सन्मानाने वागवले जाण्याचा आणि आजाराविषयी गोपनीयतेचा हक्क रुग्णाला आहे. त्याला साखळदंडाने बांधता येत नाही, आणि दाखल असला तरी सक्तीने डोके भादरता येत नाही. साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून तो आपल्या विश्वासातील माणसाला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस, म्हणून नेमू शकतो. तो माणूस तुम्हीच असावा असे नाही. कोणाला नेमायचे हे त्याला ठरवू द्या. घडल्या प्रकाराची तक्रार आधी त्या दवाखान्याच्या प्रमुखांकडे करावी आणि समाधान न झाल्यास याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जावे. मात्र तक्रार करायची की नाही, हेही त्यालाच विचारून करा. त्याच्या परस्पर केलेली तक्रार हा त्याला दुसरा अपमान वाटू शकतो.

आता घरातले. भाजीत किंवा चहात चोरून गोळी मिसळू नका. एकदा कळले की तो घरच्या जेवणावरही विश्वास ठेवणार नाही. महिनाभराच्या खंडानंतर जुनी मात्रा आपल्या मनाने सुरू करू नका. तो यायला तयार नसेल, तर १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर तुम्ही किंवा तो स्वतः बोलू शकतो. ही सेवा मोफत असून मराठीतही बोलता येते. रात्र-रात्र झोप नसेल, कानात आवाज येत असतील किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे निघाले, तर मात्र न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि तोवर फवारणीचे औषध घरातून हलवा.

तो निघायला राजी झाला की उरलेल्या गोळ्यांची पाकिटे फेकून न देता तशीच पिशवीत घ्या, कारण त्यावरून त्या कधीपासून बंद आहेत हे कळते. खिडकीशी गेल्यावर केसपेपर देताना सिस्टरला हळूच एवढे सांगा, की याला नावाने हाक मारा आणि जे विचारायचे ते त्यालाच विचारा. बहुतेक सिस्टर ऐकतात. गर्दीत त्यांचेही भान सुटते, हे मी आतून पाहिले आहे.