अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर जॉन स्लेटन यांनी १९१५ मध्ये लिओ फ्रँकची फाशी रद्द केली, ती सदसद्विवेकापोटी की वकिलीतल्या भागीदारासाठी?

भागीदारीचा आरोप आधी घेतो, कारण तो हवेतला नाही. १९१३ मध्ये स्लेटन यांची वकिलीची फर्म ल्यूथर रॉसर यांच्या फर्मशी एक झाली, आणि हेच रॉसर फ्रँकचे मुख्य वकील. न्यायाधीश असते तर स्लेटन यांना बाजूला व्हावं लागलं असतं. तरीही मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे.

फ्रँक अटलांटातल्या पेन्सिल कारखान्याचा ज्यू व्यवस्थापक. २६ एप्रिल १९१३ ला तिथे पगाराचे पैसे घ्यायला आलेल्या मेरी फेगन या १३ वर्षांच्या मुलीचा खून झाला. कारखान्यातला झाडूवाला जिम कॉनली याच्या साक्षीवर फ्रँकला फाशीची शिक्षा झाली. सुप्रीम कोर्टातही तो ७ विरुद्ध २ असा हरला. मग तुरुंग आयोगाने २ विरुद्ध १ मतांनी दयेला नकार दिला.

आता तारखा बघा. फाशी २२ जून १९१५ ला ठरलेली, आणि स्लेटन यांची मुदत २६ जूनला संपत होती. चार दिवसांची तहकुबी देऊन हे प्रकरण नव्या गव्हर्नरच्या गळ्यात घालता आलं असतं. किंवा आयोगाच्या शिफारशीवर सही करून मोकळं होता आलं असतं. तिथला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो, आपल्या राज्यपालांसारखा मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारा नव्हे. म्हणजे निर्णयाचं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. आणि स्लेटन हे काही निवृत्तीला आलेले गृहस्थ नव्हते. विधानसभेचे सभापती, सिनेटचे अध्यक्ष, मग गव्हर्नर अशी चढती कारकीर्द होती, पुढे अमेरिकेच्या सिनेटवर जायची इच्छा होती.

त्यांनी दहा हजारांहून अधिक पानं वाचली आणि स्वतः कारखान्यात जाऊन पाहणी केली. २९ पानांच्या आदेशातला लिफ्टचा मुद्दा मला वकील म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. कॉनली म्हणत होता, फ्रँक आणि मी प्रेत लिफ्टने तळघरात नेलं. पण त्या शनिवारी सकाळी लिफ्टच्या खड्ड्यात आपणच शौच केल्याचंही त्याने कबूल केलं होतं. ती लिफ्ट तळाला टेकेपर्यंत खाली जायची. रविवारी सकाळी पोलिसांना ती विष्ठा जशीच्या तशी दिसली, आणि ते लिफ्टने खाली गेल्यावरच ती चिरडली, दुर्गंधी सुटली. मग शनिवारी लिफ्ट खाली गेलीच कशी? ओंगळ वाटेल, पण मुख्य साक्षीदाराचं म्हणणं इथे कोसळतं. खटला चालवणारे न्यायाधीश रोन यांनीही मृत्यूपूर्वी पत्र लिहून शिक्षा कमी करण्याची शिफारस केली होती.

स्लेटन यांनी फ्रँकला निर्दोष सोडलं नाही, फाशीची जन्मठेप केली. निर्णय जाहीर व्हायच्या आधी रात्रीच फ्रँकला गुपचूप मिलेजव्हिलच्या तुरुंगात हलवलं. बातमी फुटताच जमाव गव्हर्नरच्या घरावर चालून आला, सशस्त्र दल बोलवावं लागलं. राजकारणी आणि प्रकाशक टॉम वॉटसन आपल्या साप्ताहिकातून फ्रँकविरुद्ध आग ओकतच होता. १७ ऑगस्टला एका टोळीने फ्रँकला तुरुंगातून पळवून मॅरिएटात झाडाला फासावर लटकवलं. त्यासाठी एकावरही खटला चालला नाही.

स्लेटन यांना कित्येक वर्षं जॉर्जियाबाहेर काढावी लागली. परतल्यावर राज्याच्या वकील संघटनेने त्यांना अध्यक्ष केलं, पण लोकांच्या मतांवर त्यांना पुन्हा कधीच पद मिळालं नाही. फ्रँकवर खटला चालवणारे सरकारी वकील ह्यू डॉर्सी मात्र १९१६ ची निवडणूक जिंकून गव्हर्नर झाले. भागीदाराची फी वाचवायला कोणी एवढी किंमत मोजत नाही. १९८२ मध्ये कारखान्यातला त्या काळचा पोरगा अलोन्झो मान याने, आता म्हातारा झालेला, सांगितलं की कॉनलीला एकट्यालाच प्रेत उचलून नेताना मी पाहिलं होतं. १९८६ मध्ये जॉर्जियाने फ्रँकला मरणोत्तर माफी दिली, दोषी की निर्दोष यावर मात्र तेव्हाही निवाडा दिला नाही. स्लेटन १९५५ मध्येच वारले होते.