गडसंवर्धनाच्या पेजला लाइक भरपूर, मोहिमेला मात्र तीच पाच-सहा माणसं. काय करावं? आमचा ब्लॉगही आहे, तो बंद करावा का?

आमच्या गडसंवर्धनाच्या ग्रुपवर मोहिमांचे निरोप टाकायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यावरून सांगतो.

तुमच्या पोस्ट वाचून लोक खूश होतात, पण पुढे काय करायचं ते त्यांना कळत नाही. बुरुजावरचा सूर्यास्त मलाही आवडतो, पण तो बघून कोणी फावडं उचलत नाही. असं लिहून बघा: 'रविवारी सकाळी ७ वाजता पायथ्याच्या मारुती मंदिरापाशी जमायचं. मोठ्या टाक्यातला गाळ काढायचाय. घमेली-फावडी संस्थेची. टोपी, पाणी, दुपारची शिदोरी आणा. उपसणं जमणार नसेल तर घमेली पुढे द्यायला साखळीत उभे राहा. ३ वाजता खाली उतरू.' नव्या माणसाला कष्टांची धास्ती नसते, 'तिथे मला कोण ओळखतंय?' याची असते. म्हणून संपर्काला एकच नाव द्या आणि त्याने शनिवारी संध्याकाळी प्रत्येक नव्या माणसाला फोन करायचाच. आमच्याकडे निम्मं काम या फोननेच होतं.

पानी फाउंडेशनने १ मे २०१८ ला महाश्रमदान केलं, तेव्हा शहरातल्या लोकांनी 'जलमित्र' म्हणून ऑनलाइन नावं नोंदवली होती. ती माणसं उन्हात खणायला गेली, कारण दिवस, गाव आणि काम ठरलेलं होतं. शिवाय गावातली माणसं आधीपासूनच कामाला लागलेली होती.

मोहीम झाली की त्याच रात्री फोटो टाका, आलेल्यांची नावं घालून. लहान मुलांचे फोटो मात्र आईवडिलांना विचारूनच.

आता ब्लॉग. तो बंद करू नका, मी तर म्हणेन जोमाने लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप दोन दिवसांत वाहून जातो, ब्लॉगवरचं पाच वर्षांनीही सापडतं. टाक्याची लांबी-रुंदी, गाळ काढण्याआधीचा आणि नंतरचा फोटो, पुढच्या उन्हाळ्यात पाणी कुठवर टिकलं, गावातले म्हातारे त्या टाक्याला काय म्हणतात, हे सगळं मराठीत लिहून ठेवा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने आपले ११ आणि तामिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुमच्या तालुक्यातल्या आडबाजूच्या गडावर तुम्हीच लिहायला हवं. ते वाचून परगावचा कोणी 'मी येऊ का?' विचारतो, आणि असा माणूस सहसा टिकतो.

गड संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आधी घ्या आणि ती मिळाल्याचं पोस्टमध्येही लिहा. परवानगीशिवाय एक दगडही हलवू नका.

आणि पायथ्याच्या गावातल्या दोघांना ग्रुपचे अ‍ॅडमिन करा. जत्रा कधी आहे, वाट कुठे ढासळली, वणवा कुठल्या बाजूला लागलाय, हे त्यांना आधी कळतं. त्यांनी एक निरोप टाकला की गावातली पोरं येतात, तेवढी आपल्या दहा पोस्टनी येत नाहीत.