पहिल्यांदाच श्रीहरिकोट्याला रॉकेटचं उड्डाण बघायला निघालात? मग एवढं ऐका

अभिनंदन! दुर्बीण, ट्रायपॉड, लेन्स यांचा विचार आत्ता नको. पहिल्या वेळी एवढंच सांभाळा:

१. प्रेक्षक गॅलरीची नोंदणी. इस्रोच्या संकेतस्थळावर ती प्रक्षेपणाच्या थोडे दिवस आधी उघडते आणि भराभर भरते. मूळ ओळखपत्र सोबत हवंच.

२. परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. नवखे लोक सर्वात जास्त इथेच चुकतात. १५ जुलै २०१९ ला चांद्रयान-२ चं उड्डाण अवघी ५६ मिनिटं उरली असताना थांबवलं आणि ते झालं २२ जुलैला. दोन दिवस तरी हाताशी ठेवा.

३. मुक्काम चेन्नईत करा. तिथून श्रीहरिकोट्याजवळचं गाव सुळ्ळुरुपेटा साधारण ८० किलोमीटर, लोकलसुद्धा जाते. पुढे पुलिकत सरोवरातून जाणारा रस्ता लागतो, तिथे थंडीत रोहित पक्षी दिसतात. ऑक्टोबर ते डिसेंबर मात्र तिकडचा पावसाळा. ढग असले तर रॉकेट काही क्षणांतच दिसेनासं होतं.

आणि मोबाइल खिशात ठेवा, अगदी कळकळीने सांगतो. आधी झाडांच्या वर नुसता उजेड चढताना दिसतो, आवाज नाहीच. आवाजाला किलोमीटरमागे तीनेक सेकंद लागतात. मग तो येतो, आधी गडगड, मग तडतड, आणि छातीत थेट जाणवतो. माझ्या पहिल्या वेळी मी स्क्रीनमध्येच बघत बसलो होतो. व्हिडिओत एक पांढरा ठिपका आहे, बाकी काही नाही.

कोणतं उड्डाण गाठताय? एलव्हीएम३, म्हणजे इस्रोचं सर्वात ताकदवान रॉकेट असेल तर सोडूच नका.